अंदमान ज्वालामुखीचं की पोवळ्याचं? आणि तो हिरवा दगड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे झालंय असं की दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही अंदमान करून आलात, पोर्ट ब्लेअरचा टॅक्सीवाला म्हणाला अख्खं अंदमान ज्वालामुखीतून निघालंय, हॅवलॉकचा गाईड म्हणाला छे हो, सगळं पोवळ्याचं आहे, आणि आता पोराच्या सातवीच्या प्रोजेक्टमध्ये "खडकाचा प्रकार" असा एक रकाना आहे त्यात काय लिहायचं कळत नाहीये. वरून पोराने चिडियाटापूच्या किनाऱ्यावरून एक हिरवा गुळगुळीत दगड खिशात घालून आणलाय, आणि ओळखीतल्या कुणीतरी "हा जेड आहे, जपून ठेवा" असं सांगितलंय.

मी नाशिकचाच. भूजलाचं काम करतो, म्हणजे सोप्या भाषेत बोअर कुठे मारायचा ते सांगतो, पंचवीसेक वर्षं झाली. २००९ च्या हिवाळ्यात एका पाण्याच्या कामासाठी तीन महिने अंदमानात होतो, त्यानंतर अजून दोनदा जाणं झालं. तेव्हा जे सांगतोय त्यातलं थोडं पुस्तकातलं, बाकीचं पायाखालचं. (नावं बदललीत माहितीये, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, पण तोंडात जुनीच बसलीयेत, सांभाळून घ्या.)

टॅक्सीवाला आणि गाईड, दोघांनाही मी खोटं म्हणणार नाही. दोघांनी आपापल्या घरासमोरचं सांगितलं. खरी अडचण त्या रकान्याची आहे. एका बेटसमूहाला खडकाचा एकच प्रकार असणार हे गृहीत धरूनच तो रकाना आखलाय, आणि आपण नाशिककर असल्यामुळे आपल्याला त्यात काही खटकतही नाही. कारण आपल्याकडे खरंच एक शब्द पुरतो. पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली तो बेसॉल्ट, अंजनेरी बेसॉल्ट, ब्रह्मगिरी बेसॉल्ट, तिकडे बागलाणात साल्हेर बेसॉल्ट, इकडे कळसूबाई बेसॉल्ट. काळाराम मंदिराचा दगड रामशेजचा म्हणतात, तोही तोच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर पसरत गेला, त्याच्या पायऱ्या तुम्हाला त्र्यंबक रोडने जाताना अंजनेरीच्या अंगावर दिसतात, "ट्रॅप" हा शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आज उरलाय तोच जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर आहे. तेवढ्या पसाऱ्यात तुम्ही कुठेही खड्डा खणा, वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या, बस.

या एकसुरीपणाची इतकी सवय लागते की माणूस फसतो, मीच फसलोय. अंदमानातला माझा पहिला बोअर मी नाशिकच्या नजरेने काढून दिला. उताराखालची जागा, झाडोरा चांगला, वर पिवळट मुरमासारखं काहीतरी, म्हटलं हा मुरूम मुरवणार पाणी आणि खाली दोन थरांच्या सांध्यात ते सापडणार, आपल्याकडे असंच असतं. हॅमर खाली गेला तसा राखाडी पिठासारखा चुरा वर यायला लागला, मग थोडा कडक वाळूखडक, मग परत पीठ, परत वाळूखडक, परत पीठ. अडीचशे फुटांपर्यंत हेच. पाणी लागलं ते बादलीभर. आणि गंमत बघा, तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या तोलाचा, तरी उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला पाणी मोजून मिळतं कारण शहराची मोठी भिस्त धनीखाडीच्या धरणावर. रिगवाला तमिळ होता, त्याने गाडी आवरता आवरता हिंदीत एवढंच विचारलं की साहेब तुमच्याकडे एकच प्रकारचा दगड असतो का. मी हो म्हटलं. तो हसला.

तर हा चुरा कुठून आला ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

दूध तापवल्यावर पातेल्याच्या बुडाला जी खरवड बसते ती तुम्ही उलथन्याने काढता तेव्हा काय होतं? उलथनं पुढे सरकतं आणि त्याच्या तोंडाशी साय, करपलेला भाग, मधला मऊ भाग असं सगळं गोळा होऊन चुरगळून वर येतं. अंदमान म्हणजे ही खरवड आहे. भारताचा भूपट्ट (प्लेट, पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा), म्हणजे आपण ज्याच्यावर बसलोय तोच, बंगालच्या उपसागराच्या तळासकट पूर्वेकडच्या पट्टाखाली तिरका घुसतोय. जाताना त्याच्या पाठीवर साचलेला गाळ आणि समुद्रतळाचे तुकडे त्याच्याबरोबर खाली जात नाहीत, वरच्या पट्टाच्या धारेला खरवडले जातात, आणि हे कोट्यवधी वर्षं चालू राहिलं की त्या खरवडीचा ढीग समुद्राच्या वर डोकं काढतो. उत्तरेला म्यानमारच्या आराकान योमा डोंगररांगा, मध्ये अंदमान-निकोबार, दक्षिणेला सुमात्राच्या पश्चिमेकडची बेटं, ही सगळी एकाच ढिगाची टोकं, मधला भाग पाण्याखाली आहे म्हणून आपल्याला बेटं वाटतात.

खरवडीत काय काय असतं ते एका प्रकारच्या दगडात मावणार नाही हे आता तुम्हालाही दिसत असेल.

सगळ्यात जुना माल आहे समुद्रतळाचा आणि त्याच्याही खालचा. पोर्ट ब्लेअरजवळ कॉर्बिन्स कोव्हला तुम्ही गेलाच असाल, सगळे जातात, नारळपाणी पितात आणि फोटो काढून येतात. त्याच किनाऱ्याच्या बाजूच्या खडकांत उशा रचून ठेवल्यासारखा बेसॉल्ट आहे, किंवा बेकरीत भट्टीतून काढलेले पाव एकमेकांना चिकटून फुगलेले असतात ना, अगदी तसा. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याची साल लगेच थिजते, आतला अजून गरम असतो, तो साल फोडून पुढचा गोळा काढतो, तो थिजतो, परत पुढचा. आपल्याकडचा लाव्हा बहुतेक सगळा कोरड्या जमिनीवर वाहिला म्हणून आपल्याला पायऱ्या मिळाल्या, त्यांना उशा मिळाल्या. म्हणजे टॅक्सीवाला "ज्वालामुखी" म्हणाला त्यात एवढं तथ्य नक्की आहे, फक्त तो लाव्हा बेटावर उद्रेक होऊन आलेला नाही, तो खोल समुद्राच्या तळावर आला आणि नंतर दगड होऊन वर ढकलला गेला. या समुद्रतळाचं वय साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपास काढलंय, म्हणजे आपल्या सह्याद्रीपेक्षाही म्हातारा.

या उशांच्या जोडीला ठिकठिकाणी लालबुंद, काचेसारखा फुटणारा दगड सापडतो, चर्ट म्हणतात त्याला. पोराला हे नक्की सांगा कारण मला स्वतःला हा सगळ्यात भारी वाटतो. समुद्रात रेडिओलारिया नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांचं कवच गारगोटीच्या द्रव्याचं, म्हणजे सिलिकाचं. मेले की तळाशी पडतात. चुन्याच्या कवचांचे जीवही पडतात पण साधारण चार-पाच किलोमीटर खोलीवर समुद्राचं पाणी चुना विरघळवून टाकतं, सिलिका टिकतो. तेव्हा लाल चर्ट दिसला की समजायचं हा दगड एकेकाळी किनाऱ्यापासून लांब, खोल अंधारात, कणाकणाने साचलाय, हजार वर्षांत काही मिलिमीटर या वेगाने. आणि आज तो तुमच्या चपलेखाली. त्या लाल दगडाची कड कुठे लागली तर बोट कापतं बरं का, माझं कापलंय.

समुद्रतळाच्याही खाली जे असतं, पृथ्वीचं प्रावरण (कवचाखालचा जाड थर), त्याचा तुकडा बघायचा तर चिडियाटापूला उभं राहून दक्षिणेला बघायचं, मॅकफर्सन सामुद्रधुनीच्या पलीकडे रटलंड बेट दिसतं, तिथे पेरिडोटाइट, म्हणजे प्रावरणाचाच दगड, उघडा पडलाय आणि त्यात क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिजही आहे. प्रावरणातला दगड सहसा कुणाला हात लावायला मिळत नाही, एरवी तो समुद्राखालीसुद्धा सहा-सात किलोमीटर खाली असतो. हा अख्खा संच, म्हणजे खाली पेरिडोटाइट, वर गॅब्रो (बेसॉल्टचाच भाऊ, पण खोलात सावकाश थिजलेला), वर उशांचा बेसॉल्ट आणि त्यावर चर्ट, याला ओफिओलाइट म्हणतात. तो नेमका कसा वर चढला, मुळात वरच्या पट्टाचा तुकडा की खालच्या, यावर भूशास्त्रवाल्यांचं अजून एकमत नाही, आणि ते सातवीच्या प्रोजेक्टमध्ये सोडवायची गरजही नाही. तुमचा हिरवा दगड माझ्या अंदाजाने याच घराण्यातला आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता माझा पिठाचा बोअर. समुद्रतळाच्या तुकड्यांवर आणि त्यांच्या अधेमधे प्रचंड गाळ साचलाय, आधी जाडाभरडा, गोट्यांचा आणि वाळूचा, त्याला मिठाखाडी गट म्हणतात, आणि नंतर साधारण तीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा अंदमान फ्लिश. दक्षिण अंदमानात रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत जो बघाल तो बहुतेक हाच. वीतभर वाळूखडक, त्यावर दोन बोटं राखाडी शेल (चिखल घट्ट होऊन झालेला दगड), परत वीतभर वाळूखडक, परत शेल, शेकडो वेळा, वहीच्या पानांसारखं. आणि ही पानं आडवी नाहीत, कुठे उभी, कुठे दुमडलेली, कुठे सरळ उलटी. कॉर्बिन्स कोव्हलाही हे दिसतं, ओहोटीला जा.

हे असं पानं-पानं का झालं ते घरी करून दाखवता येतं. काचेची लोणच्याची बरणी घ्या, त्यात दोन मुठी वाळू, दोन मुठी काळी माती, पाऊण बरणी पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. जाड वाळू लगेच खाली बसते, बारीक नंतर, आणि चिकणमाती रात्रभर गढूळ राहून सकाळपर्यंत वर थर धरते. आता हळूच अजून एक ग्लास गढूळ पाणी ओता, दुसरा थर. समुद्रात खोल उतारावरून भूकंपाने किंवा स्वतःच्याच भाराने गाळाचा लोंढा सुटतो तेव्हा हेच होतं, एक लोंढा म्हणजे एक पान. आणि प्रत्येक पानात जाड बाजू खाली, बारीक वर, त्यामुळे दरडीत एखादं पान उलटं झालंय का तेही हातात भिंग घेऊन सांगता येतं. बरणीचा फोटो प्रोजेक्टला चिकटवा, चित्रापेक्षा बरा.

पाणी का लागत नाही तेही यातच आलं. वाळूखडकातली वाळू शुद्ध नाही, मातीने गच्च भरलेली, शेल तर पाणी सोडतच नाही. पाऊस पडतो आणि उतारावरून सरळ समुद्रात. आमचा दुसरा बोअर ओफिओलाइटच्या भेगाळलेल्या भागात घेतला आणि तो चालला, कारण तिथे पाणी भेगांत राहतं, आपल्या काळ्या दगडासारखंच. नाशिकची नजर अगदीच वाया गेली नाही म्हणायची. पण हे सगळं जागेवर ठरतं, अर्ध्या किलोमीटरवर दगड बदलतो, म्हणून तिथे मी आता कुणालाही फोनवर बोअर सांगत नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

जाता जाता, भगूरच्या सावरकरांमुळे नाशिकहून गेलेला माणूस सेल्युलर जेल बघितल्याशिवाय येत नाही, तुम्हीही बघितलं असेल, पुढच्या वेळी भिंतीकडेही बघा. विटांची आहे, आणि विटा ब्रह्मदेशातून आणल्या असं सांगतात. आपल्याकडे एवढं मोठं बांधकाम निघालं असतं तर डोळे झाकून काळ्या दगडाचं केलं असतं. फ्लिशचा दगड घडवायला बसा, पानांपानांनी सुटून हातात येतो.

गाईडचं पोवळं. हॅवलॉक, नील ही पूर्वेकडची बेटं, रिचीज आर्किपेलागो म्हणतात त्यांना, तिथे वरचे थर खरंच नंतरचे आणि चुन्याचे आहेत, चुनखडक, खडूसारखा पांढरट मऊ दगड, चुनेरी माती, म्हणजे उथळ होत गेलेल्या समुद्रात साचलेला माल, आणि किनाऱ्याला जिवंत आणि जुनी प्रवाळं. नीलवरची ती दगडी कमान, जिला लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती जवळून बघितलीत का? पोवळ्याची नक्षी तशीच दिसते तिच्यात, मेंदूसारखी वळणं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. पण पोवळं हे गिलाव्यासारखं आहे, भिंत नाही. लक्षद्वीपला गाईडचं वाक्य जास्त चाललं असतं, तिथे पाण्यावर जे दिसतं ते सगळं प्रवाळाचं. आणि लक्षद्वीपच्या त्या प्रवाळाखाली काय आहे? ज्वालामुखीची पाण्याखालची डोंगररांग, आणि ती ज्या तप्त बिंदूमुळे (हॉटस्पॉट, जिथे खोलातून उष्णता वर येते) झाली त्याच्याचमुळे आपलं नाशिक झालं असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा पट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि खालचा तप्त बिंदू मागे डाग पाडत गेला, आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, छागोस, नंतर मॉरिशस आणि आत्ता रियुनियन, जिथला ज्वालामुखी अजून वारंवार पेटतो. तेव्हा अंजनेरीचे भाऊबंद शोधायचे असतील तर अंदमानला जाऊ नका, मॉरिशसला जा. तिथे दगडही नात्यातला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसंही आहेत, दोन्ही एकदम.

बारातांगच्या चुनखडीच्या गुहा केल्यात का ते तुम्ही लिहिलं नाहीये. खारफुटीतून स्पीडबोटीने जातात त्या. केल्या असतील तर ते लोंबते दगड पावसाच्या पाण्याने चुना विरघळवून थेंबाथेंबाने परत जमवलेले आहेत, आपल्याकडे बेसॉल्टमध्ये असल्या गुहा होतच नाहीत, आपल्या गुहा छिन्नीच्या.

मग खरा ज्वालामुखी कुठे? तो आहे, पण या खरवडीच्या रांगेत नाही. पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला साधारण १३५-१४० किलोमीटरवर बॅरन बेट, भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी. १७८७ चा उद्रेक नोंदलेला आहे, मग एकोणिसाव्या शतकात कधीतरी थंड झाला, दीडशेच्या वर वर्षं झोपला आणि १९९१ ला उठला, तेव्हापासून अधूनमधून धूर, राख, लाव्हा चालूच आहे. पाण्यावर दिसतो तो साडेतीनशे मीटर, पण तळ दोन किलोमीटरच्याही खाली आहे, म्हणजे आपल्याला दिसतं ते नुसतं टोक. त्याच्या उत्तरेला नारकोंडम, ७१० मीटरचा, तो शांत, त्याचा दगडही वेगळा, जास्त सिलिकाचा, अँडेसाइट-डेसाइट. हे दोघं एवढे पूर्वेला का? कारण खाली घुसणारा पट्ट तिथपर्यंत जाता जाता शंभरेक किलोमीटर खोल गेलेला असतो, त्या दाबाला त्याच्यातलं पाणी सुटतं, आणि पाणी मिसळलं की वरचं गरम प्रावरण कमी तापमानालाही वितळतं. भजीच्या गरम तेलात पाण्याचा थेंब पडावा तसं नाही हं, हे हळू आहे, पण कारण पाणीच. नाशिकला असं काही घडलं नाही, आपल्याकडे खालून उष्णताच वर आली. दोन्हीकडे काळा बेसॉल्ट, पण स्वयंपाक वेगळा.

बॅरनला मी उतरलेलो नाही, बोटीतून लांबून बघितलाय, पहाटे. काळी राख थेट पाण्यापर्यंत, एकही झाड नाही त्या बाजूला, आणि वर अगदी चुलीतून निघावा तसा बारीक धूर. बोटीत सगळे गप्प झाले होते.

आणि बारातांगचे ते चिखलाचे ज्वालामुखी, प्लीज प्रोजेक्टमध्ये ते ज्वालामुखी म्हणून लिहू नका, शिक्षक बरोबर फुली मारतील. नाव तसं आहे पण आत लाव्हा बिव्हा काही नाही. तोच दबलेला गाळ, त्यातला वायू, मुख्यतः मिथेन, आणि पाणी, भेग मिळेल तिथून चिखल घेऊन वर येतात. हात लावला तर गार लागतो. आंबोळीच्या पिठावर बुडबुडे येतात तेवढाच त्याचा रुबाब, एरवी. २००४ च्या मोठ्या भूकंपानंतर मात्र ते चांगलेच खवळले होते.

भूकंपाचं लिहितोय कारण पोराला हे सांगितल्याशिवाय "खरवड" पूर्ण कळणार नाही. हे सगळं पूर्वी कधीतरी झालं आणि संपलं असं नाहीये. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर लांबीचा सांधा काही मिनिटांत सुटला, तीव्रता ९.१ च्या पुढे, आणि त्सुनामीचं आपल्याला माहितीये. पण दगडाच्या बाजूने बघा, उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त वर उचलला गेला, पोर्ट ब्लेअरची बाजू मीटरभर खचली, आणि तिकडे टोकाला ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ चार मीटरच्या वर खाली गेला, आधी जमिनीवर होता तो पाण्यात उभा. मी गेलो तेव्हा पाच वर्षं झाली होती. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला जिथे भातशेती होती तिथे खारं पाणी आणि मेलेल्या सुपाऱ्यांचे नुसते खांब. आणि उत्तरेला एका किनाऱ्यावर भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर पोवळ्यांचं अख्खं रान वाळून पडलेलं, राखाडी, चालताना पायाखाली कपबश्या फुटल्यासारखा आवाज. गावातला एक म्हातारा म्हणाला, आधी इथे होडी लावायचो. भूशास्त्र शिकताना "उत्थान" हा शब्द मी पन्नास वेळा पाठ केला असेल, त्या दिवशी तो पायाला लागला.

आता रकाना. मी तुमच्या जागी असतो तर त्यात "मिश्र" लिहून खाली तीन ओळी जोडल्या असत्या: मुख्य बेटं समुद्रतळाच्या खरवडीची, म्हणजे जुना समुद्रतळ (अग्निजन्य) आणि त्यावरचा गाळ (स्तरित, हाच दिसायला जास्त), हॅवलॉक-नीलकडे वरचा माल चुन्याचा आणि प्रवाळाचा, बॅरन आणि नारकोंडम हे दोनच ज्वालामुखी. शिक्षकांनी एकच शब्द हवा म्हणून हट्ट धरला तर "स्तरित" लिहा, मुख्य बेटांपुरता तो त्यातल्या त्यात खरा आहे.

राहिला तो हिरवा दगड. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला आहे, त्यावरून मी ठाम सांगणार नाही, पण गडद हिरवा, मेणचट चमक, मधून साप रंगवावा तशा फिक्या रेषा, आणि जागा चिडियाटापू, तर माझा अंदाज सर्पेंटिनाइट. रटलंडला जो पेरिडोटाइट सांगितला त्यात पाणी शिरलं की त्याचा हा होतो, नावही सापाच्या कातडीवरूनच आलंय. नाशिकला हिरवा रंग म्हटलं की आपल्याला दगडाच्या पोकळीतली हिरवी बुरशीसारखी माती किंवा सिन्नरच्या गारगोटी म्युझियममधले हिरवट स्फटिक आठवतात, त्यांचा आणि याचा काही संबंध नाही.

जेड आहे का ते घरीच बघा. स्टीलच्या सुरीच्या टोकाने खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, रेघ ओढा. रेघ उमटली आणि पांढरट भुकटी निघाली तर जेड नाही, जेडला सुरी लागत नाही, उलट सुरीचीच करडी रेघ दगडावर उमटते, ती ओल्या बोटाने पुसून बघा म्हणजे फसणार नाही. फ्रीजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या, किंचित ओढलं गेलं तर सर्पेंटिनाइटकडे झुकायचं, त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज, असतं बऱ्याचदा, पण नाही ओढलं तरी काही सिद्ध होत नाही. सगळ्यात भरवशाचं वजन. किचनच्या डिजिटल काट्यावर दगड कोरडा तोला. मग वाडग्यात पाणी घेऊन वाडगा काट्यावर ठेवा, शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा, जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. २.५ ते २.७ आलं आणि सुरीची रेघही उमटली असेल तर सर्पेंटिनाइट, ३ च्या जवळ किंवा वर आलं तर मला परत विचारा, तेव्हा बोलू.

दोन गोष्टी मात्र नक्की. तो दगड घासायला, कापायला किंवा पेंडंट करायला कुणाला देऊ नका, सर्पेंटिनाइटमध्ये कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, नुसता कपाटात ठेवला तर काही होत नाही पण त्याची धूळ नाकात जायला नको. रेघ ओढताना पण दगड ओला करून घ्या. आणि पोराने त्याच्याबरोबर पोवळ्याचे तुकडे किंवा शंखही आणले असतील तर पुढच्या वेळी असं करू नका म्हणून सांगा, पोवळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, मेलेला तुकडासुद्धा, आणि विमानतळावर बॅगा उघडतात. दगडही खरं तर तिथेच असू द्यावा, पण आता आणलाय तर आणलाय.

वजनाचे दोन्ही आकडे टाका, आणि फोटो सकाळच्या उन्हात, दगड ओला करून, शेजारी दहाचं नाणं ठेवून.